सांगली-साताऱ्यात राहून नवीन गाणं तुमच्यापर्यंत कसं पोचतं?

कृष्णाकाठी (सांगली, गावभाग)

नमस्कार मंडळी,

फोनमध्ये जगभरचं संगीत पडलंय आणि आमच्या घरात वाजतं तेच ते. संध्याकाळी स्वयंपाकाला लागले की एखादं नाट्यपद लावते. ते संपलं की अ‍ॅप दुसरं नाट्यपद लावतं, मग त्याच गायकाचं भावगीत, मग पुन्हा नाट्यपद. भाकऱ्या होईस्तोवर गाडी पहिल्या गाण्यावर आलेली असते. सगळं आवडीचंच असतं, म्हणून बंदही करवत नाही.

पण ज्या संगीतानं माझे कान बदलले, ते मला आधी आवडणाऱ्या संगीतासारखं मुळीच नव्हतं. सारंगीचंच घ्या. रेडिओवर कुणी मोठा माणूस गेला की सारंगी वाजायची, त्यामुळे लहानपणापासून ते वाद्य नकोसं होतं. पुढे मिरजेतल्या एका मैफलीत मावशीच्या यजमानांनी मला मुद्दाम सारंगीवाल्याच्या बाजूला बसवलं आणि म्हणाले, "आज बाईंचं गाणं ऐकू नकोस, त्यांच्या मागनं हा काय करतोय तेवढंच ऐक." गायिकेनं घेतलेली जागा तो श्वासभर उशिरानं, जराशी वळवून परत द्यायचा. त्या रात्रीपासून सारंगी माझी झाली. कुठल्याही अ‍ॅपनं मला ती सुचवली नसती, कारण माझ्या आवडीत ती कुठेच नव्हती.

माझं मत असं की नवीन संगीत आपल्या आवडीच्या बाहेरून यावं लागतं, आणि बहुतेक वेळा ते माणसामार्फत येतं. तुमचा अनुभव काय? गाण्यांच्या याद्या नकोत, त्या ढिगानं मिळतात. वाट सांगा. जे आपल्याला आवडेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं, त्याच्यापर्यंत तुम्ही कसे पोचलात?

विश्रामबागवाला

रेडिओ. विषय संपला.

कृष्णाकाठी

संपला कसा दादा? नीट लिहा की.

विश्रामबागवाला

बरं, लिहितो.

आकाशवाणी सांगली केंद्र 1963 चं. मध्यम लहरी, 1251 किलोहर्ट्झ. आमच्या घरात हा आकडा पाठ होता, काटा कुणी हलवला तर आजोबा ओरडायचे. रेडिओची खासियत अशी की तुम्हाला काय आवडतं ते तो विचारत नाही. शेतीचा कार्यक्रम ऐकायला बसलेल्या माणसाला पंधरा मिनिटं शहनाई ऐकावी लागते. मग बातम्या. मग कुठल्या तरी गावच्या मंडळाचं भजन. नको असलेलं ऐकता ऐकता हवंसं होत जातं. आमच्या शेजारचे ऊसवाले काका तारशहनाई ओळखायचे. शिकलेले चौथी.

अजून एक. निवेदक शेवटी साथीदारांची नावं सांगतो. तबला अमुक, संवादिनी तमुक. मी ती नावं वहीत उतरवायचो. एखादा तबला कानात बसला की तेच नाव पुन्हा कुठल्या कार्यक्रमात येतंय यावर लक्ष ठेवायचो आणि त्याच्यामागोमाग अनोळखी गायकाकडं जायचो. अर्धे गायक मला असे तबलजींनी आणून दिलेत.

आता मध्यम लहरींवर खरखर फार आहे हे मान्य. पण आकाशवाणीचं न्यूजऑनएअर अ‍ॅप आहे, त्यावर देशभरची केंद्रं लागतात. 26 जानेवारी 2016 पासून 'रागम्' नावाची शास्त्रीय संगीताची चोवीस तासांची वाहिनीही आहे, हिंदुस्थानी आणि कर्नाटक दोन्ही. पुढे काय लागणार ते आपल्या हातात नाही, हीच तिची मजा.

अजिंक्यतारा (सातारा)

साथीदारांच्या नावांना शंभर टक्के अनुमोदन.

हेडफोन (सांगली, सध्या हॉस्टेल)

मी इथली वयानं बहुतेक सगळ्यात लहान. ताई, तुमचं म्हणणं मला अर्धंच पटलंय.

अ‍ॅप तेच ते वाजवतं कारण आपण त्याला तेच ते दाखवतो. ही शिफारस मुख्यतः ऐकणाऱ्यांच्या सवयींवर चालते. तुमच्यासारखीच गाणी ऐकणारे हजारो लोक आणखी काय ऐकतात, त्यातलं तुम्ही काय ऐकलेलं नाही, ते काढून तुमच्यापुढे ठेवतात. स्पॉटिफायची 'डिस्कव्हर वीकली' यादी 2015 पासून अशीच निघते, दर सोमवारी तीस गाणी. म्हणजे तिथेही मागे माणसंच आहेत, फक्त ती दिसत नाहीत. आणि गावात माझ्यासारखं ऐकणारं कुणी नसेल तर मी कुणाला विचारायचं? माझ्या वर्गात सरोद आवडणारी मी एकटी. मला हजार किलोमीटरवरचे माझ्यासारखे लोक त्या यादीनंच गाठून दिले.

आता वापरायचं कसं ते सांगते:

स्वयंपाकाचं ऐकणं आणि शोधायचं ऐकणं वेगळं ठेवा. स्पॉटिफायवर 'प्रायव्हेट सेशन' असतं, यूट्यूबवर हिस्टरी थांबवता येते. रोजचं घरगुती ऐकणं त्यात करा, म्हणजे त्यावरून तुमची आवड ठरवली जाणार नाही.

शोधायला बसलात की एकच अनोळखी गाणं घेऊन त्याचा 'रेडिओ', म्हणजे त्याच्यासारख्या गाण्यांची अ‍ॅपनं लावलेली रांग, सुरू करा. आवडलेलं नको, अनोळखीच. ऑटोप्ले बंद ठेवा, पुढचं गाणं स्वतः निवडा.

आणि विश्रामबागवाले काका, तुमच्या वहीचं काम अ‍ॅपमध्येही होतं. गाण्याच्या तीन टिंबांवर दाबलं की श्रेयनामावली उघडते. गीतकार, संगीतकार, निर्माता. एक गिटारवादक असा पकडला आणि त्याच्यामागे जाता जाता मी आसामी लोकगीतांपर्यंत पोचले. रूममेट तिकडचीच आहे, तिला माहीत नव्हतं ते मी तिला ऐकवलं.

माणदेशी

हेडफोन, तुझं सगळं बरोबर आहे बाळा, पण आमच्या घरात फोन एक आणि ऐकणारे पाच. मी पहाटे भैरव लावतो, नात दुपारी हत्तीचं गाणं लावती, पोरगा जिममधनं काहीतरी धडाधड लावतो. काल अभंगानंतर थेट हत्ती आला. वारकरी मित्र बसला होता, त्यानं हत्तीवरसुद्धा ताल धरला.

हेडफोन

माणदेशी काका, तुमच्या घरात सगळ्यात चांगला 'डिस्कव्हर वीकली' चालू आहे, बंद करू नका!

जवारी (मिरज)

या धाग्यावर मिरज येणारच होती, मग मीच आणतो.

सतारमेकर गल्लीत कुणी नुसतं तासभर बसलं तरी नवीन ऐकायला मिळतं. हा धंदा इथे सुमारे 1850 पासूनचा. फरीदसाहेबांचं नाव पहिलं घेतात. मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे, पुढे वाद्यांकडे वळले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मला सांगायचंय ते दुकानाच्या ओट्यावरचं.

माझा तंबोरा जवारीला, म्हणजे तारेचा झणकार जुळवून घ्यायला, दिला होता. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तारा ज्या घोडीवरनं जातात तिचा वरचा भाग सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार असतो. कारागीर त्या उतारावरनं कानस फिरवतो, तार चढवतो, छेडतो, मान हलवतो, पुन्हा तार उतरवतो. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवतो. दोरा केसभर पुढं गेला तर आवाज बंद, केसभर मागं आला तर नुसती झणझण. मधल्या एका जागी तार एकदम उघडते आणि एका तारेतनं पाच-सहा सूर बाहेर पडल्यासारखं वाटतं. हे काम घाईत होत नाही, गिऱ्हाईक बसून राहतं, आणि बसलेली गिऱ्हाइकं एकमेकांशी बोलतात.

तिथं माझ्याशेजारी धारवाडकडचे एक गृहस्थ सूरबहार दुरुस्तीला घेऊन बसले होते. मी तोवर सूरबहार फोटोतच पाहिलेली. सतारीपेक्षा मोठी, सूर खाली, तार ओढली की मींड, म्हणजे एका सुरावरनं दुसऱ्यावर सरकत जाणं, लांबवर जाते. दुरुस्ती झाल्यावर त्यांनी तपासायला म्हणून आलाप लावला आणि कारागिरानं कानस खाली ठेवली. रस्त्यावरनं रिक्षा जात होत्या, पलीकडे भोपळे वाळत पडले होते, पंढरपूरकडनं येतात ते. त्या दिवसानंतर मी महिनोन्‌महिने सूरबहारच ऐकली, मग रुद्रवीणा, मग ध्रुपद. ध्रुपद म्हणजे कंटाळा अशी माझी पक्की समजूत होती.

तेव्हा माझी वाट ही: गायकाच्या मागे न जाता वाद्याच्या मागे जायचं.

कोयनेचा_वारा (कराड)

हे वाचून उद्याच मिरजेला यावंसं वाटतंय. बाहेरच्या माणसाला ओट्यावर बसू देतात का? काही विकत घ्यायचं नसताना?

जवारी

बसा की. फक्त जवारी काढताना मध्ये बोलू नका. तेव्हा त्यांचे कान कामावर असतात.

मिरजकर_मावशी

मिरजेत दर्गा राहून गेला तर कसं चालेल?

उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे, पण स्थायिक झाले मिरजेत. 1937 साली दक्षिणेत दौऱ्यावर असताना सिंगपेरुमाळकोइल स्टेशनवर त्यांचं निधन झालं आणि दफन मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात केलं. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात तिथे संगीतसभा होते. कलाकार हजेरी लावायला येतात, ऐकणाऱ्याला तिकीट नाही. उरुसाची तारीख हिजरी पंचांगाप्रमाणे मागे सरकत जाते, तेव्हा आधी चौकशी करून यावं.

ताई, तुम्ही वाट विचारलीत म्हणून सांगते. मी खाँसाहेबांपासून सुरुवात केली आणि तीन दिशांना गेले. एक, शिष्य: सवाई गंधर्व, रोशनआरा बेगम, आणि सवाई गंधर्वांच्याकडून पुढे भीमसेनजी, गंगूबाई. दुसरी दिशा घरची: सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे, तिघंही त्यांची मुलं. हिराबाई तर मिरजेतच जन्मल्या, 1905 साली. तिसरी दिशा मला सगळ्यात अनपेक्षित होती. खाँसाहेब म्हैसूरला, मद्रासकडे जात-येत असत, तिकडचं ऐकत. खरहरप्रिया या कर्नाटक रागातली, तिकडचे थोर रचनाकार त्यागराज यांची एक कृती (रचना) त्यांनी ध्वनिमुद्रिकेवर गायली आहे. तीन मिनिटांची ती तबकडी ऐकली आणि मूळ कसं गातात म्हणून शोधायला गेले. आज माझ्या ऐकण्यात निम्मं कर्नाटक संगीत आहे.

गुरू कोण, शिष्य कोण, कुणाकडे काय ऐकून आले एवढं विचारत गेलं तरी जन्मभर पुरतं.

कृष्णाकाठी

मावशी, खरहरप्रियाची तबकडी आत्ता ऐकली. आमच्या काफीच्या शेजारच्या घरात गेल्यासारखं वाटलं. पुढे काय ऐकू?

मिरजकर_मावशी

आठवडाभर तीच ऐका. मग त्याच रागातलं नागस्वरम्, म्हणजे दक्षिणेतलं शहनाईसारखं वाद्य, ऐका. गायन नंतर.

अजिंक्यतारा (सातारा)

शीर्षकात सातारा आहे आणि अजून कुणी औंधचं नाव घेतलं नाही!

खटाव तालुक्यातलं औंध. पंडित अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतुबुवा, यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ 1940 साली तिथे संगीत उत्सव सुरू केला. अश्विन वद्य पंचमीला होतो, कोजागिरीनंतर पाच दिवसांनी. पुढे त्यांचे चिरंजीव गजाननबुवांनी आणि त्यांच्या शिष्यपरिवारानं तो चालवला. गजाननबुवा गायकही आणि व्हायोलिनवादकही.

मोठ्या शहरातल्या महोत्सवात जाहिरातीवर ज्याचं नाव मोठं त्याला ऐकायला आपण जातो. औंधला मी कधीच नावं बघून गेलो नाही. बसायचं आणि जो येईल त्याला ऐकायचं. मोठ्या कलाकाराच्या आधी एखादा विशीतला मुलगा बसतो, घाबरलेला असतो, पहिल्या षड्जाला आवाज कापतो. मग समोरच्या रांगेतला कुणी म्हातारा शेतकरी "वाहवा" म्हणतो आणि मुलगा सावरतो. असे सावरलेले दोघं-तिघं आज चांगले नावारूपाला आलेत आणि मी त्यांना त्या वयात ऐकलंय, याचा मला फार आनंद आहे.

येताना कंदी पेढे मी आणतो. सांगलीकरांनी भडंग आणावं.

विश्रामबागवाला

भडंग मैफलीत नको हो. कुरकुर होती.

माणदेशी

विलंबितात नको. द्रुतात चालतंय.

कोयनेचा_वारा

भडंगात लसूण असला तर गायकाजवळ बसू नये ही नम्र सूचना.

अजिंक्यतारा

पेढ्याला आवाजही नाही आणि वासही नाही. सातारा जिंकला.

हलगी_कैताळ (तासगाव)

मंडळी, पेढे-भडंग झालं असंल तर एक बोलू का? वरपासनं वाचत आलोय. सगळं शास्त्रीय. तंबोरा, ध्रुपद, त्यागराज. चांगलंच हाय. पण आपल्या दोन्ही जिल्ह्यांतली निम्मी माणसं ज्यावर नाचत्यात त्येचं नाव कुणी काढलं न्हाई. वरातीतला बेंजो.

मी लहानपणापासनं बेंजो पार्टीत हलगी वाजवतोय. बेंजोवाला रस्त्यानं चालता चालता कुठलंबी गाणं काढतो. लावणी, कव्वाली, कानडी पिक्चरचं, तमिळ पिक्चरचं. जतकडच्या वरातीत गेलो की तिकडची फर्माईश येती, ती आमी परत येताना गाडीत शिकतो आन् पुढच्या आठवड्यात तासगावात वाजवतो. तासगावातली पोरं इचारत्यात, "ह्ये कुठलं रं?" गाणं असं गावोगाव फिरतं. कुठल्या यादीत न्हाई आन् कुठल्या सभेत न्हाई.

आता जवारी भाऊंनी वाद्याच्या मागं जायचं सांगितलं, तसं मी बी गेलो. बेंजो म्हंजे टाइपरायटरसारखी बटणं असल्यालं बुलबुलतरंग, त्याला पिकअप बसवून लाऊडस्पीकरला जोडलेलं. ह्ये आलं कुठनं म्हणून पोराला मोबाईलवर बघाय लावलं. तर जपानातनं! 1912 साली नागोयात मोरिता गोरो नावाच्या माणसानं तैशोगोतो नावाचं वाद्य काढलं, तेच हिकडं येऊन बुलबुलतरंग झालं. मग तैशोगोतोचे जपानी लोकांचे व्हिडिओ बघितले. म्हाताऱ्या बायका, चांगल्या पन्नास जणी एका रांगेत बसून, अगदी हळू, एकेक सूर. आमी ज्येच्यावर अख्खी गल्ली नाचवतो तेच वाद्य. त्या बायकांची एक चाल मी हलगीवर बसवून बघितली. बसती.

हेडफोन

हलगी दादा, हा या धाग्यावरचा सगळ्यात भारी प्रतिसाद आहे. ती चाल रेकॉर्ड करून टाकाच.

मिरजकर_मावशी

माझ्या घरावरनं दर लग्नसराईत बेंजो जातो. पुढच्या वेळी खिडकी लावून न घेता गॅलरीत उभी राहीन. पण भिंती हादरवणारी ती डॉल्बी मला सहन होत नाही, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

हलगी_कैताळ

मावशी, डॉल्बीनं आमचंच पोट मारलंय. ती आल्यापासनं बेंजोच्या सुपाऱ्या कमी झाल्या. तुमी आन् मी एकाच बाजूला हाय.

जतचा_मास्तर

हलगी भाऊंनी जतचं नाव काढलं म्हणून लिहितो. मी मराठी शाळेत शिकवतो, पण गावात कानडी बोलतात. पहिल्या वर्षी मला कळत नव्हतं. रात्री देवळात भजन असायचं, तेही कानडी. वेळ जात नाही म्हणून जाऊन बसायचो. एक पद सगळे फार जीव ओतून म्हणायचे. विचारलं तर कळलं शिशुनाळ शरीफांचं. शरीफसाहेब मुसलमान, गुरू गोविंदभट्ट ब्राह्मण, काळ 1819 ते 1889, पदं साध्या बोलीत आणि अर्थ खोल. अशा पदांना कर्नाटकात तत्त्वपदं म्हणतात. मग सी. अश्वथ यांच्या आवाजातली ऐकली. अर्थ एक विद्यार्थी सांगायचा, सहावीतला, आणि त्याला जे सांगता यायचं नाही ते त्याची आजी सांगायची. मी कानडी त्या पदांवरनं शिकलो.

कवठे महांकाळ तालुक्यात आरेवाडीचा बिरोबा आहे. तिथल्या यात्रेत धनगरी ओव्या ऐकाव्यात. दोन मंडळं समोरासमोर बसली की सवाल-जवाब रात्रभर चालतो. अर्थ पहिल्या फेरीत कळणार नाही, पण कुणी तरी जाणता शेजारी बसलेला असतो आणि त्याला सांगायची हौस असते.

टेपरेकॉर्डर (सांगली, गावभाग)

मी सहसा नुसता वाचतो. आज लिहितो.

2019 च्या महापुरात आमच्या घराचा तळमजला पाण्यात गेला. वडिलांच्या कॅसेटी खालच्या कपाटात होत्या. त्यातल्या बऱ्याच त्यांनी स्वतः मैफलींत टेप केलेल्या. पाणी उतरल्यावर कपाट उघडलं तर सगळं गाळानं भरलेलं. लोक टाकून द्या म्हणाले.

पण फीत पाण्यानं लगेच मरत नाही. स्क्रूवाल्या कॅसेटी उघडल्या, चकत्या अलगद काढल्या, स्वच्छ पाण्यात, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवल्या, सावलीत वाळवल्या. उन्हात किंवा ड्रायरनं वाळवू नका, फीत आखडते. मग नव्या डब्यांत बसवल्या. बाजारातल्या पुष्कळ कॅसेटींना स्क्रू नसतात, डबा चिकटवलेला असतो, तो सांध्यावर हळूच फोडावा लागतो. एकदा वाजवून लगेच संगणकावर उतरवून घ्यायचं, कारण दुसऱ्यांदा वाजेल याचा भरवसा नसतो.

बऱ्याच वाचल्या. पण वरची लेबलं धुऊन गेली. कोण गातंय, कुठलं साल, काही कळत नाही. वडील आता नाहीत. त्यामुळे माझ्या स्वतःच्याच घरातलं हे संगीत माझ्यासाठी नवीन आहे, आणि शोधायचं कसं कळत नाही. शझाम हे गाणं ओळखणारं अ‍ॅप लावून बघितलं, काही सापडत नाही.

हेडफोन

दादा, शझामला ते सापडणारच नाही. ते आवाजातले ठळक बिंदू घेऊन त्यांची खूण बनवतं आणि साठ्यातल्या खुणांशी ताडून बघतं. म्हणजे नेमकं तेच ध्वनिमुद्रण साठ्यात असावं लागतं. त्याच गायकानं तोच राग दुसऱ्या दिवशी गायला तरी खूण जुळत नाही. खासगी मैफल तर कुठल्याच साठ्यात नाही. इथे माणसंच लागणार. हे मी लिहितेय, याची ताईंनी नोंद घ्यावी.

कृष्णाकाठी

घेतली! पण तुझं 'प्रायव्हेट सेशन' मी कालपासून वापरतेय, त्याचीही नोंद घे. आज ऑटोप्ले बंद करून एक अनोळखी सरोद निवडला. भाकरी करपली, पण गत शेवटपर्यंत ऐकली.

टेपरेकॉर्डर दादा, आपण एकाच भागातले. एखादी क्लिप टाका ना इथे.

टेपरेकॉर्डर

टाकली आहे. सुरुवातीला कुणी तरी खोकतंय, मग तंबोरे, मग बाईंचा आवाज. साथीला सारंगी आहे.

विश्रामबागवाला

राग मारूबिहाग. तबल्याचा ठेका फार सरळ, बायाँ (डाव्या हाताचा डग्गा) भरदार. निवेदन नाही का कुठं? बाजू संपताना बघा. पुष्कळ लोक शेवटी टाळ्यांपर्यंत टेप चालू ठेवायचे आणि आभार मानताना नावं घेतली जायची.

जवारी

तंबोरे पेटीवरच्या काळी पाच या सुराच्या आसपास लागलेत, पण फितीचा वेग कमी-जास्त असू शकतो, त्यावरनं निष्कर्ष काढू नका. जवारी मात्र सुरेख आहे, तंबोरे मिरजेचे असतील तर नवल नाही. 1:40 ला मागनं रेल्वेची शिट्टी ऐकू येते. म्हणजे कार्यक्रम स्टेशनजवळ कुठे तरी.

मिरजकर_मावशी

रेल्वेची शिट्टी मिरजेत कुठेही ऐकू येते हो. पण तुमचे वडील नवरात्रात अंबाबाईच्या देवळातल्या संगीत महोत्सवाला यायचे का? तिथल्या जुन्या श्रोत्यांना मी ओळखते. त्यातल्या दोघी अजून दर वर्षी येतात आणि त्यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. क्लिप पेन ड्राइव्हवर द्या, त्या मोबाईलवर ऐकत नाहीत.

टेपरेकॉर्डर

यायचे, दर वर्षी. दुसऱ्या बाजूचा शेवट अजून उतरवलेला नाही, उद्या सकाळी उतरवतो. रविवारी मिरजेला येऊ का?

मिरजकर_मावशी

या. दहानंतर या, त्याआधी पूजा असते. कृष्णाकाठी ताई, तुम्हीही या, सारंगी कुणाची ते तुम्ही ऐका.

कृष्णाकाठी

येते. मला सारंगी ऐकवणाऱ्या माझ्या मावशीच्या यजमानांनाही आणते. त्यांनाच कळेल.

कोयनेचा_वारा

रविवारी मीही येतो, सकाळी सतारमेकर गल्ली आणि मग तिकडं. आणि सांगलीहून औंधला जायचा रस्ता कुणी सांगेल का?

माणदेशी

विट्यावरनं पुसेसावळी मार्गे औंध. साताऱ्याचे लोक रहिमतपूरवरनं येत्यात. रात्रीच्या एसटीच्या भरवशावर राहू नका, परतीची गाडी आधी ठरवा, नायतर मुक्काम करा. माझ्या गाडीत दोन जागा हायत. नात बरोबर असणार, वाटेत हत्तीचं गाणं लागंल, ते चालवून घ्यावं लागंल.

हलगी_कैताळ

एक जागा माझी धरा काका. हलगी आणतो, मागं डिकीत ठेवतो.